साखळीची शाखा की स्थानिक मालकाचे रेस्टॉरंट: निवड कशाच्या आधारे करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सहकुटुंब बाहेर जेवायला जाताना मोठ्या साखळीची शाखा निवडावी की स्थानिक मालकाचे रेस्टॉरंट? आपला ओढा स्थानिकाकडे आहे, परंतु घरात एकाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असल्यामुळे पाय साखळीकडे वळतात, आणि चव, स्वच्छता व पैसा या तिन्ही बाबतींत कोण सरस ठरतो हे आपल्याला एकदा नीट समजून घ्यायचे आहे. मी दोन्ही प्रकारच्या किचनमध्ये बरीच वर्षे काम केले आहे आणि पुढे अन्नसुरक्षेच्या तपासणीच्या निमित्ताने दोन्हींची मागची बाजू जवळून पाहिली आहे. सरसकट कोण चांगला, याला उत्तर नाही. कोणत्या प्रसंगी कोण चांगला, हे मात्र बऱ्यापैकी नेमकेपणाने सांगता येते.

साखळी विकते तो मुख्यतः एकसारखेपणा. तिच्या सगळ्या शाखांतील सर्वांत उत्तम ताट आणि सर्वांत सुमार ताट यांच्यातील अंतर मुद्दाम कमी राखलेले असते. त्यासाठी पाककृती, यंत्रे, पुरवठादार, वाटीचे माप आणि तळणाची मिनिटे हे सारे वरून ठरवून दिलेले असते. स्थानिक मालकांच्या रेस्टॉरंटांत हेच अंतर प्रचंड असते. एकाच रस्त्यावर वर्षानुवर्षे आठवत राहील असे जेवण मिळू शकते आणि दोन दारे सोडून पुढे पुन्हा पायरी चढू नये असेही. म्हणून निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात: त्या ठिकाणाविषयी आपल्याला किती माहिती आहे, आणि जेवण फसले तर आपले किती बिघडणार आहे. माहिती तुटपुंजी आणि बिघडण्यासारखे बरेच असेल, तर साखळी बरी. माहिती पुरेशी असेल तर माझे मत निःसंशय स्थानिकाच्या बाजूने पडते.

साखळ्या कशा जन्मल्या ते पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. फ्रेड हार्वी यांनी १८७६ मध्ये अमेरिकेतील टोपिका येथील रेल्वे स्थानकावर उपाहारगृह चालवायला घेतले आणि पुढे सांता फे रेल्वेच्या मार्गावर स्थानकास्थानकांवर तशीच उपाहारगृहे उभी केली. त्यांचा ग्राहक होता गाडी थांबेल तेवढ्या वेळात जेवून पुढे जाणारा आणि त्या गावात कोणालाही न ओळखणारा प्रवासी. व्हाइट कॅसल १९२१ मध्ये विचिटा येथे सुरू झाले, तेव्हा लोकांच्या मनात खिम्याच्या स्वच्छतेविषयी संशय होता. तो दूर व्हावा म्हणून दुकान पांढरेशुभ्र आणि आतली मांडणी चकचकीत पोलादाची ठेवली गेली. हॉवर्ड जॉन्सन यांनी १९३५ च्या सुमारास स्वतःचे नाव आणि पद्धत इतरांना चालवायला देण्यास सुरुवात केली, आणि पुढे मोटारीने लांबचा प्रवास करणाऱ्यांना त्यांचे नारिंगी छप्पर ओळखीचे झाले. मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये सॅन बर्नार्डिनो येथील आपले चालते दुकान काही काळ बंद ठेवले, मेन्यू नऊ पदार्थांवर आणला आणि प्रत्येकाला एकच काम नेमून देणारी मांडणी करून ते पुन्हा उघडले. रे क्रॉक यांनी १९५५ मध्ये डेस प्लेन्स येथे शाखा काढून हीच मांडणी देशभर नेण्यास सुरुवात केली. या प्रत्येक उदाहरणात गिऱ्हाईक अनोळखी आहे, आणि साखळी त्याच्या अनभिज्ञतेवरचा तोडगा आहे.

ही अनभिज्ञता कमी झाली की साखळीचे वजनही कमी होते. हार्वर्डचे मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिएटल शहरातील रेस्टॉरंटांची उलाढाल आणि येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावरील ग्राहकांचे तारांकन यांची सांगड घालून पाहिली. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते असे त्यांना आढळले, परंतु हा परिणाम स्वतंत्र रेस्टॉरंटांपुरताच होता. साखळ्यांवर तो दिसला नाही. उलट, जिथे ग्राहकांचे अभिप्राय वाचण्याची सवय रुजली, तिथे साखळ्यांचा बाजारातील वाटा घटला. माझ्या व्यवसायातील अनुभवाशी हे तंतोतंत जुळते. परक्या शहरात रात्री उशिरा पोहोचलेल्या माणसाला मी साखळी सुचवीन. ज्या वस्तीत आपण राहतो, जिथे शेजारीपाजारी आणि सहकारी यांना विचारता येते, तिथे साखळीत जाणे म्हणजे न लागणाऱ्या विम्याचा हप्ता भरणे होय.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाटीवर साखळीचे नाव असले म्हणजे मालक दूरदेशीचा असतो, असे नाही. मॅकडोनाल्डची जगभरातील सुमारे ९५ टक्के दुकाने फ्रँचायझी पद्धतीची आहेत, म्हणजे ती चालवणारा बहुतेक वेळा स्वतंत्र व्यावसायिक असतो आणि तो पुष्कळदा त्याच शहरातला असतो. तो विक्रीवर रॉयल्टी, म्हणजे नाव आणि पद्धत वापरण्याचा मोबदला, देतो, जाहिरात निधीला हिस्सा देतो, बहुतेकदा भाडेही कंपनीलाच देतो, आणि उरलेल्यातून आपला नफा काढतो. याचा परिणाम ताटावर होतो. साखळीचे नाव सर्वांच्या मालकीचे आणि खर्च मात्र एकट्याचा, अशी स्थिती असल्यामुळे काटकसर करण्याचा मोह फ्रँचायझी-चालकाला अधिक होतो. कारण जे गिऱ्हाईक महामार्गावरून एकदाच येऊन जाणार आहे, त्याची नाराजी दुसऱ्या शाखेच्या खात्यात जमा होते. जिंजर झी जिन आणि फिलिप लेस्ली या अर्थतज्ज्ञांनी लॉस एंजेलिस परगण्यातील स्वच्छता-तपासणीचे गुण अभ्यासून २००९ मध्ये हेच मांडले: साखळ्यांची स्वच्छता सरासरीने स्वतंत्र रेस्टॉरंटांपेक्षा चांगली, परंतु साखळीच्या आत पाहिले तर फ्रँचायझी शाखा कंपनीने स्वतः चालवलेल्या शाखांपेक्षा ढिल्या. तेव्हा साखळी निवडतानाही त्या विशिष्ट शाखेकडे पाहावे लागते. नुसत्या पाटीवर विसंबून चालत नाही.

आता चवीकडे वळू. साखळीच्या किचनमध्ये एक साधे टोमॅटो सॉस कसे तयार होते, हे एकदा जवळून पाहण्यासारखे असते. ते मध्यवर्ती कारखान्यातून बंद पिशवीत गोठवून येते. आदल्या दिवशी फ्रीजमध्ये वितळायला ठेवले जाते, पिशवीसकट गरम पाण्यात सोडले जाते, आणि ठरलेल्या तापमानाला पोहोचले की स्टीलच्या भांड्यात ओतून त्यावर वेळेची चिठ्ठी चिकटवली जाते. त्या चिठ्ठीवरची वेळ टळली की सॉस उत्तम असले तरी फेकून द्यायचे असते, आणि पळी इतक्याच मापाची का, हे विचारण्याचा अधिकार पळी धरणाऱ्याला नसतो. त्याने सॉस चाखून त्यात काही घालणे ही शिस्तभंगाची गोष्ट आहे. यंदाचे टोमॅटो आंबट निघाले तर त्याची दुरुस्ती कारखान्यात, शेकडो किलोंच्या मिश्रणात, प्रयोगशाळेच्या आकड्यांवरून आधीच झालेली असते.

स्थानिक मालकाच्या किचनमध्ये हीच दुरुस्ती आचाऱ्याच्या जिभेवर होते. टोमॅटो आंबट आहेत हे त्याला सकाळी चिरतानाच कळते. तो कांदा अधिक वेळ परततो, चिमूटभर साखर घालतो किंवा त्या दिवशी तो पदार्थ फळ्यावरून पुसूनच टाकतो. कच्चा माल आणि हात या दोघांचा असा संवाद जिथे चालतो, तिथेच उत्तम जेवण निर्माण होते, आणि साखळीच्या रचनेत त्याला जागाच ठेवलेली नसते. मात्र हाच आचारी रजेवर गेला, आजारी पडला किंवा जास्त पगारावर शेजारी निघून गेला, तर तो सॉस त्याच्याबरोबरच जातो. स्थानिक रेस्टॉरंटाविषयी "पूर्वीसारखे राहिले नाही" ही जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एका माणसाचे जाणे असते. मालक स्वतः आचारी असेल किंवा रोज किचनमध्ये उभा राहत असेल, तर हा धोका पुष्कळच कमी होतो. म्हणून नवे ठिकाण पारखताना मी मालक गल्ल्यावर बसलेला आहे की किचनच्या दारात उभा आहे, हे आधी पाहतो.

स्वच्छतेच्या बाबतीत साखळीला झुकते माप द्यायला मला संकोच वाटत नाही, पण त्याचे कारण लोक समजतात ते नाही. फरशी चकचकीत असण्याचा इथे फारसा संबंध नाही. फरक पडतो तो शिजवलेले अन्न थंड करण्यात. मोठ्या पातेल्यातले सूप किंवा भात झाकण ठेवून तसाच ओट्यावर रात्रभर राहिला, तर त्याच्या मध्यभागाचे तापमान कित्येक तास जिवाणूंना मानवणाऱ्या पट्ट्यात रेंगाळते. उष्णतेला दाद न देणारे काही जिवाणूंचे बीजाणू त्यात जागे होतात आणि त्यांतील काहींनी तयार केलेले विष सकाळी पुन्हा उकळूनही नाहीसे होत नाही. अमेरिकेच्या अन्न संहितेत म्हणूनच शिजवलेले अन्न ५७ अंश सेल्सिअसवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि एकूण सहा तासांच्या आत ५ अंशांपर्यंत आणावे असे बंधन आहे. साखळीच्या किचनमध्ये मुळात अशी मोठी पातेली कमी असतात, आणि जिथे असतात तिथे जलद थंड करणारे यंत्र, तापमानाची वही आणि ती वही तपासायला येणारा माणूस असतो. लहान रेस्टॉरंटला असे यंत्र परवडत नाही. पातेले उथळ ट्रेमध्ये वाटून बर्फाच्या पाण्यात ठेवले तरी काम भागते, आणि जाणता मालक तसे करतोही. परंतु रात्री अकरा वाजता दमलेल्या माणसाने ते केले की नाही, हे ग्राहकाला कधीच कळत नाही.

तरीही साखळीच्या बाजूचा धोका वेगळ्या जातीचा असतो आणि तो विसरता कामा नये. स्थानिक किचनमधील चूक त्या दिवशी तिथे जेवलेल्यांपुरती राहते. साखळीतील चूक पुरवठ्याबरोबर राज्याराज्यांत पोहोचते. अमेरिकेत १९९३ मध्ये जॅक इन द बॉक्स या साखळीच्या अपुऱ्या शिजलेल्या हॅम्बर्गरांतून ई. कोलाय जिवाणूंची बाधा झाली, सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. वॉशिंग्टन राज्याच्या नियमानुसार मांसाच्या आतील तापमान ६८ अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवे होते; साखळी मात्र संघराज्याच्या ६० अंशांच्या मानकावर चालत होती. लेखी मानक असणे आणि ते मानक योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रकरणाने व्यवसायाला शिकवले, आणि त्यानंतर अनेक साखळ्यांनी धोक्याची नेमकी ठिकाणे आधीच हेरून त्यांवर नियंत्रण ठेवण्याची पद्धत काटेकोरपणे अंगीकारली. ही पद्धत मुळात १९६० च्या दशकात पिल्सबरी कंपनीने अंतराळवीरांच्या अन्नासाठी नासाबरोबर विकसित केली होती. पुढे २०१५ मध्ये ताज्या भाज्यांचा आणि शाखेतच चिरण्याचा अभिमान बाळगणाऱ्या चिपोटले या साखळीत अनेक राज्यांत अशीच बाधा पसरली, आणि २०१५ ते २०१८ या काळातील प्रकरणांबद्दल २०२० मध्ये तिला २.५ कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. मला हे दुसरे उदाहरण अधिक बोलके वाटते, कारण साखळीने स्थानिक रेस्टॉरंटसारखे वागायचे ठरवले की दोन्हींचे धोके एकत्र येतात: हाताचे काम भरपूर, आणि पसारा देशभराचा.

अ‍ॅलर्जीचा मुद्दा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. साखळीची जमेची बाजू अशी की प्रत्येक पदार्थात काय आहे याचा लेखी तक्ता तिच्याकडे असतो, आणि पाककृती शाखेत बदलत नसल्यामुळे तो तक्ता बहुधा खरा असतो. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून चौदा अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देणे साखळीला आणि लहान रेस्टॉरंटला सारखेच बंधनकारक आहे, परंतु कागद नीट ठेवण्याची ताकद साखळीत अधिक असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. साखळीची पडती बाजू अशी की काउंटरवरील तरुण मुलाला त्या तक्त्यापलीकडचे काहीच ठाऊक नसते. तळणीचे तेल सामायिक आहे का, चिमटा एकच वापरला जातो का, याचे उत्तर तो चेहऱ्यावरचे हसू न ढळू देता "नाही" असे देऊन मोकळा होतो. शेंगदाण्यातील प्रथिने तळल्याने निकामी होत नाहीत. एका पदार्थातून ती तेलात येतात आणि तेलातून दुसऱ्यात जातात.

स्थानिक रेस्टॉरंटमध्ये लेखी तक्ता मिळण्याची शक्यता कमी, पण ज्याच्या हातात कढई आहे त्याच्याशी प्रत्यक्ष बोलण्याची शक्यता पुष्कळ. प्रश्न कसा विचारतो यावर सारे अवलंबून असते. "यात शेंगदाणे आहेत का?" असे विचारले की उत्तर बहुधा "नाहीत" असेच येते, आणि ते प्रामाणिकही असते, कारण सांगणाऱ्याच्या मनात अख्खे दाणे असतात. त्याऐवजी "हे कशात तळता, त्याच तेलात आणखी काय काय तळले जाते, आणि वाटण घरात करता की विकत आणता?" असे विचारावे. समोरचा माणूस थांबून, आठवून, प्रसंगी आत जाऊन डबा पाहून उत्तर देत असेल तर तिथे जेवायला हरकत नाही. त्याने हात झटकून "काही होत नाही" म्हटले, तर जेवण कितीही सुरेख दिसत असले तरी उठावे. गर्दीच्या वेळी हे प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. दुपारच्या उतरत्या वेळी किंवा संध्याकाळी उघडल्याबरोबर गेल्यास उत्तरही नीट मिळते आणि भांडीही धुतलेली असतात. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन जवळ बाळगायला सांगितले असेल, तर ते दोन्ही ठिकाणी टेबलापाशी असावे, गाडीत नव्हे.

उष्मांकांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. अमेरिकेत वीस किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना २०१८ पासून आणि इंग्लंडमध्ये अडीचशे किंवा अधिक कर्मचारी असलेल्या व्यवसायांना एप्रिल २०२२ पासून पदार्थांचे उष्मांक छापावे लागतात. मधुमेह किंवा वजनासाठी मोजून खाणाऱ्याला याचा उपयोग होतो. स्वतंत्र किचनमध्ये लोण्याचे प्रमाण आचाऱ्याच्या मनगटावर ठरते.

पैशाच्या बाबतीत दोन वेगळे हिशेब आहेत. पहिला आपल्या खिशाचा. साखळी घाऊक खरेदीत वाचवते, परंतु रॉयल्टी, जाहिरात आणि मोक्याच्या जागेचे भाडे यांत ते पैसे परत जातात, त्यामुळे टेबलावर बसून जेवण्याच्या दर्जाची साखळी बऱ्याचदा स्थानिकापेक्षा स्वस्त पडत नाही. दुसरा हिशेब गावाचा. शिकागोच्या अँडरसनव्हिल भागात २००४ मध्ये झालेल्या एका अभ्यासात स्थानिक व्यवसायात खर्च झालेल्या शंभर डॉलरांपैकी ६८ डॉलर आसपासच्या अर्थव्यवस्थेत राहतात, तर साखळीत खर्च झालेल्यांपैकी ४३, असे आढळले. हा अभ्यास तिथल्याच स्थानिक विकास संस्थेने करवून घेतला होता, हे ध्यानात ठेवून आकडे घ्यावेत. दिशा मात्र पटण्यासारखी आहे, कारण स्थानिक मालकाचा हिशेबनीस, सुतार आणि भाजीवाला बहुधा जवळपासचाच असतो. स्थानिक रेस्टॉरंट बुडतातच, असे जे म्हटले जाते ते अतिशयोक्त आहे. एच. जी. पारसा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ओहायोतील कोलंबस शहराचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पहिल्या वर्षी सुमारे २६ टक्के रेस्टॉरंटे बंद पडली. तीन वर्षांत स्वतंत्रांपैकी सुमारे ६१ टक्के आणि फ्रँचायझींपैकी सुमारे ५७ टक्के. फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे.

अनोळखी स्थानिक रेस्टॉरंट पारखायचे असेल तर मेन्यू लांबलचक आहे का ते पाहावे. लहान किचन आणि दीडशे पदार्थ हे गणित ताज्या मालाने सुटत नाही. त्यामागे फ्रीझर आणि तयार पाकिटे असतात, आणि मग साखळीत गेलेले काय वाईट? आठवड्याच्या मधल्या दिवशी निम्मी टेबले भरलेली असणे ही खूण शनिवारच्या रांगेपेक्षा अधिक विश्वासार्ह असते, कारण शनिवारी सगळेच भरतात. माल लवकर संपणे ही स्वच्छतेचीही हमी आहे. शौचालय पाहावे, कारण जिथे ग्राहकाला दिसणाऱ्या जागेवरही कोणाचे लक्ष नाही, तिथे न दिसणाऱ्या जागेवर असण्याचा संभव कमी. साखळीत गेलात तर उलट गर्दीचीच वेळ साधावी; ग्राहक ओसरले की तळलेले पदार्थ गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली पडून राहतात, आणि चिठ्ठीवरची वेळ टळेपर्यंत तेच ताटात येतात.

आपल्या परिस्थितीत मी असे करीन. जवळपासची दोन किंवा तीन स्थानिक रेस्टॉरंटे निवडावीत, आधी मोठ्यांपैकी एकाने एकट्याने आडवेळी जाऊन जेवावे, मालकाशी तेलाविषयी आणि वाटणाविषयी बोलावे, आणि ज्याची उत्तरे समाधानकारक वाटतील तिथेच नेहमी जात राहावे. नेहमीच्या गिऱ्हाइकाची अ‍ॅलर्जी किचन लक्षात ठेवते. ऑर्डर आत जाताना त्या टेबलाचे नाव वेगळे पुकारले जाते. तरीही दर खेपेला ती नव्याने सांगावी, कारण त्या दिवशी आत दुसरा आचारी असू शकतो. प्रवासात, किंवा असा शोध घ्यायला सवड नसताना, अ‍ॅलर्जीचा लेखी तक्ता मागताक्षणी काढून देणारी साखळीची शाखा गाठावी, आणि तिथेही तळलेले पदार्थ टाळावेत.